गठ्ठ्यातला विलाप

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डोंगरापलीकडच्या कोक-साय गावी पोहोचलो. खिंडीवर ऊन इतकं लख्ख होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं. गाडीवाला सारखा बोलत होता. पन्नाशीला आलेला माणूस थंडीच्या तोंडावर नोकरीसाठी डोंगर ओलांडतो म्हणजे घरात भांडण झालं असणार, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला असणार, असं त्याचं ठाम मत. मी म्हटलं, तिसरंही काही असू शकतं. तिसरं म्हणजे बाई, असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर उताराच्या वळणापर्यंत हसत राहिला. मीही हसलो. तसं पाहिलं तर त्याचं चुकलं नव्हतं.

रेडिओचं जुनं घर गावाच्या वरच्या टोकाला आहे. पिवळ्या भिंती, मागे नदी. इथलं प्रसारण कधीच बंद झालं. आता फक्त जुने ध्वनिमुद्रित आवाज सांभाळून ठेवलेले आहेत. मागच्या खोलीत माझी राहायची सोय केली आहे. कोळशाची शेगडी चांगली पेटते. खिडकीत कुंडी आहे, तिला फूलही आहे.

झाडलोट आणि स्वयंपाक सोनुन आपा बघते. साठी उलटलेली, जिभेची तिखट. माझ्या सामानातली कढई बघून म्हणाली, हे काय, हुंडा घेऊन आलात का? मी सांगितलं की कढई बायकोची आहे आणि बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिने तळहात तोंडावरून फिरवले, दुवा पुटपुटली आणि मग कपाटातून जर्दाळूचा मुरंबा काढून चहाबरोबर पुढे ठेवला. मघाशी विचारलं तेव्हा घरात मुरंबा नव्हता.

प्रमुख ऐनागुल बाई शहरातल्या आहेत, घाईत असतात. त्यांनी काम समजावून दिलं. फार वर्षांपूर्वी एक संग्राहक गावोगाव फिरून बायकांचे विलाप मुद्रित करत असे. कोणी गेलं की अंगणात लोकरीचा तंबू उभा राहतो, बायका आत भिंतीकडे तोंड करून विलाप गातात. तो बाहेर पुरुषांमध्ये बसून ते टिपायचा. ते सगळं पुढे जुन्या यंत्रावर फाइली करून, गठ्ठे बांधून ठेवलेलं आहे. गठ्ठे सोडायचे, प्रत्येक आवाज ऐकून तपासायचा, नव्या डिस्कवर ठेवायचा. एवढंच.

ऐनागुल बाईंना मी एक गोष्ट सांगितली नाही. माझी आई गेली तेव्हा तो संग्राहक आमच्या तेरेक गावीही आला होता. तंबूत विलाप गात होती माझी बायको, कालिपा. तिचा दुसरा कुठलाही आवाज माझ्याकडे नाही. आमच्या घरात कुणाला आवाज साठवून ठेवायची सवयच नव्हती. इथल्या कुठल्यातरी गठ्ठ्यात ती आहे. मी त्यासाठी आलो आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सात पोळ्या तेलात तळल्या. घरी हे काम कालिपाचं, नंतर सुनेचं. गुरुवारी तेलाचा वास घरातून बाहेर गेला की आपली गेलेली माणसं तृप्त होऊन परततात. मी आई, वडील, कालिपा यांची नावं घेऊन कुराणातला पाठ म्हटला. सोनुन आपाने पोळी मोडून बघितली आणि म्हणाली की पुरुषाच्या हातची पोळी म्हणून मुडदेसुद्धा तक्रार करणार नाहीत, इतकंच.

यंत्र जुनं आहे. पडद्यावर चित्रं नाहीत, माउस नाही. काळी पाटी आणि लुकलुकणारी रेघ. मला तेच बरं वाटतं. मी गावच्या शाळेत शिकलो आणि मग टेलिफोन केंद्रात लागलो. तिथले उस्ताद जोलदोश यांनी मला हे शिकवलं. या कामाच्या आदेशाचं नाव टार. उन्हाळ्यात कुरणावर जाताना आपण तंबू उतरवतो, काठ्या, जाळ्या, लोकरीचे नमदे एकत्र बांधून घोड्यावर टाकतो, आणि वर गेल्यावर सोडतो, तसंच हे. एक अक्षर लिहिलं की फाइलींचा गठ्ठा बांधला जातो, दुसरं लिहिलं की सुटतो, तिसरं लिहिलं की न सोडता आत काय आहे त्याची यादी दिसते. सोडला तरी गठ्ठा रिकामा होत नाही. बाहेर येते ती प्रत. मूळ आतच राहतं.

टार वस्तूबरोबर तिचा पत्ताही बांधतो. पत्त्याच्या सुरुवातीला एक तिरपी रेघ असते. ती असली की वस्तू सुटल्यावर थेट आपल्या मूळ जागी जाते. टार सहसा ती रेघ काढून टाकतो आणि तसं बजावतो, म्हणजे वस्तू तुम्ही उभे आहात तिथेच उतरते. पण आदेशात मोठा पी लिहिला तर रेघ राहते. मग मूळ जागी त्याच नावाचं दुसरं काही असलं तरी हा त्याच्या जागी आपलं बसवतो. विचारत नाही. उस्ताद म्हणायचे, टार हा सून नाही, सासू आहे. घरात शिरताना परवानगी मागत नाही.

संग्राहक माणूस शिस्तीचा होता. आधी गाव, मग गाणारीचं नाव. मी नव्या डिस्कवर तशाच पत्त्यांनी गावांचे फोल्डर करून ठेवले. तेरेकचाही केला. रिकामा बघवेना, म्हणून त्यात नातीचा आवाज ठेवला.

निघायच्या दिवशी तिने माझ्या फोनवर तो भरून दिला होता. तिच्या कोकराच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, ते कोकरू तिचं एकटीचं आहे, आजोबा नसताना त्याला पाणी द्यायचं कुणी विसरलं तर ती रडणार आहे, असं सगळं एका दमात. फोनमधली जागा भरली होती, म्हणून तिथून पुसून टाकलं आणि इथे ठेवलं. फाइलीला तिचं नाव दिलं: कालिपा.

नाव मीच ठेवलं होतं, आजीचं. पण आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही, मग ते लेकीचं असलं तरी काय? म्हणून माझी सून बुरुल तिला तोर्गोय म्हणते, चंडोल. सगळं गाव तेच म्हणतं. कालिपा म्हणून हाक मारणारा मी एकटा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजला गावातल्या मशिदीत गेलो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं की कोणाचा तू, कुठला. सांगितल्यावर म्हणाला, तेरेकची माणसं उंच असतात म्हणून ऐकलं होतं. मी बसलेलो होतो.

ऐनागुल बाईंनी एक सोय करून ठेवली आहे. दर शुक्रवारी दुपारी, आम्ही नमाजला असताना, यंत्र आपणहून सगळ्या नव्या फोल्डरांचा एक गठ्ठा बांधतं. काही बिघडलं तर गेल्या शुक्रवारपर्यंतचं परत मिळतं. डिस्क लहान असल्यामुळे नवा गठ्ठा जुन्यावरच लिहिला जातो. आज पहिला बांधला गेला. यादी बघितली. त्यात तेरेकपुढे एकच नाव होतं, माझ्या चिमुरडीचं. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खिंड बंद झाली. आता वसंतापर्यंत फोन लागेल, रस्ता नाही.

दिवसभर हेडफोन लावून विलाप ऐकतो. सोनुन आपाने पहिल्याच दिवशी दम दिला आहे की हे मोठ्याने लावायचं नाही. घरात मयत नसताना विलाप वाजला तर तो मयत शोधायला लागतो, आणि सुरू झालेला विलाप कुणी अर्ध्यावर सोडत नाही. मी म्हटलं, आपा, मी तर दिवसाला कितीतरी सोडतो. ती म्हणाली, तुमच्या कानात वाजतात तोवर तुमचं तुम्ही बघा, माझ्या स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

संध्याकाळी जेवण एकट्याचं. इथे आल्यापासून रोज चहाच्या दोन वाट्या काढून ठेवायचो, मग एक परत फडताळात. आज एकच काढली आणि त्याचंच वाईट वाटलं.

कालिपाने जन्मात माझं नाव घेतलं नाही. आमच्याकडे बायको घेतच नाही. "ऐकलं का", "घरचे", फार रागावली तर "तेरेकवाले". लग्नानंतर मी तिला फार छळायचो की एकदा म्हण, कुणी ऐकत नाही. ती पीठ मळता मळता म्हणायची, घेईन की, तुमच्या मागे राहिले तर. विधवा नवऱ्याचं नाव घेते ते त्याच्या विलापात, शेवटच्या ओळीत, एकदाच. तिने मला ती धमकी म्हणून सांगितली होती आणि मी ती वचनासारखी धरून ठेवली.

पण आधी तीच गेली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सापडली.

कपाटाच्या खालच्या खणातली डिस्क. यादी मागितली तर वरतीच तेरेक आणि कालिपा. माझे फोल्डर तयारच होते, म्हणून मोठा पी लिहून गठ्ठा सोडला, म्हणजे प्रत्येक आवाज आपापल्या जागी जाईल. गेला.

तिचा आवाज माझ्या आठवणीपेक्षा तरुण होता. ओळ सुरू करायच्या आधी ती श्वास घ्यायची, उंबऱ्यावर थांबल्यासारखा. तो श्वास मी विसरलो होतो. आईसाठी गात होती: तुमच्या चुलीची राख अजून गरम आहे, मी कुणाला विचारू मीठ किती घालू. मी डोकं टेबलावर टेकवून ऐकलं. अल्लाचे आभार मानले.

ऐकून झाल्यावर ध्यानात आलं की नातीच्या कोकराचं बोलणं त्या जागी उरलेलं नाही. एकच गाव, एकच नाव; आजीचं तिच्यावर बसलं. स्वतःवर रागावलो. पण गेल्या शुक्रवारच्या गठ्ठ्यात ते आहे. उद्या सकाळी काढून घेईन.

संध्याकाळी मुलाचा, एर्मेकचा फोन आला. हसत होता. म्हणाला, बाबा, तुमची नात आज दुपारपासून म्हातारीसारखी बोलते आहे, घसा बसलाय, बुरुलला म्हणाली की कणकेत मीठ कमी आहे. मी विचारलं, दुपारी म्हणजे केव्हा? म्हणाला, जेवणं झाल्यावर.

मी गठ्ठा सोडला तेव्हा.

योगायोग असेल. सर्दीचे दिवस आहेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

लवकर उठलो. मनात एक खडा रुतल्यासारखं होतं, म्हणून चहा न घेता यंत्रापाशी बसलो. शुक्रवारचा गठ्ठा सोडायचा, पोरीचा आवाज जागेवर बसवायचा. एक ओळ लिहायची होती. लिहिलीही. फक्त शेवटची कळ दाबायची राहिली.

वाटलं, त्याआधी एकदा ऐकून घेऊ.

काल ऐकलं त्याच्यापुढे ती गात होती. नवे शब्द होते. काल संपलं होतं तिथे आज संपत नव्हतं. मी म्हटलं, ही ओळ होऊ दे. मग पुढची. ती तिथेच होती, माझ्या कानाला लागून, आणि कळ दाबली तर ती उठून जाईल असं मला वाटत राहिलं. शेगडी विझली तरी उठलो नाही. बांग ऐकू आली तेव्हा हेडफोन काढले, हातपाय धुऊन वजू केली आणि धावत मशिदीत गेलो.

सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं आणि आठवलं. आज शुक्रवार.

परत आलो तोवर यंत्राने गठ्ठा बांधला होता, जुन्यावर. पडद्यावर एकच ओळ होती: तेरेक, कालिपा, वाचत असताना फाइल बदलली.

नातीचं बोलणं आता कुठेच नाही. ना फोनमध्ये, ना डिस्कवर, ना गठ्ठ्यात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

एर्मेकचा फोन. हसत नव्हता.

सकाळपासून पोर भिंतीकडे तोंड करून बसली आहे, लोकांकडे पाठ, दोन्ही हात कमरेवर. आणि विलाप गाते आहे. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. आवाज ऐकून गाव जमलं. रीतच आहे, पुरुष फाटकापासून मोठ्याने रडत आले, आत येऊन विचारू लागले की कोण गेलं रे. एर्मेक दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता की कुणी गेलेलं नाही. शेजारचा अब्दिश म्हातारा चिडला. कुणी मेलं नाही तर मला गुडघे दुखत असताना इथवर रडवत आणलंत कशाला, म्हणाला. मग कान देऊन ऐकू लागला. काठी टाकून खाली बसला. म्हणाला, हा आवाज मी ओळखतो, तुझ्या आजीच्या वेळी मी तंबूबाहेर होतो.

मी एर्मेकला यंत्राचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाबा, तुम्ही नीट जेवताय ना?

२५ नोव्हेंबर, सोमवार

इमामसाहेब घरी येऊन गेले. पाठ म्हटला, पाणी फुंकून दिलं. पोर अदबीने बसून राहिली. शेवटी आमीन म्हणाली. तो आवाज ऐकून इमामसाहेबांनी चहा घेतला नाही.

ती जेवत नाही. बुरुल भरवते तेवढंच. कोकरू समोर आणलं तर ओळख नाही.

फाइल पुसावी का? बोट कळीवर ठेवून दुपारभर बसलो. पण त्या नावाच्या जागी आता एवढंच आहे. पुसलं आणि तिच्यात काहीच उरलं नाही तर?

ऐनागुल बाईंना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि रजा घ्या म्हणाल्या. रजा घेऊन जाऊ कुठे? रस्त्याचं विचारायला गेलो. खिंडीत घोडासुद्धा जात नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पोळ्या तळल्या. तेल तापल्यावर वास येईना. सोनुन आपाला विचारलं तर ती म्हणाली, घर भरलंय की वासाने. मला येत नाही.

जुनी डिस्क पुन्हा काढली. मूळ गठ्ठ्याची यादी मागितली. बाकी सगळी नावं जागेवर. तेरेकमध्ये काही नाही. प्रत बाहेर येते आणि मूळ आत राहतं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. इथे काही राहिलेलं नाही. ती सगळीच्या सगळी बाहेर आली.

घरी गेली. जिथली होती तिथे.

१ डिसेंबर, रविवार

शब्द बदलले.

बुरुलने फोनवर सांगितलं, अडखळत, कारण तिला नावंही घ्यायची नव्हती आणि रडूही येत होतं. आता सासूसाठीचा विलाप राहिलेला नाही. पोर गाते: खुंटीवर टोपी आहे, टोपीखाली कुणी नाही. खोगीर थंड आहे. डोंगरापलीकडे जो काळ्या पाटीसमोर बसतो, त्याला चहा कोण देतं.

मी हेडफोन लावले. इथेही तेच. त्याच क्षणी, तेच शब्द.

ही कुणासाठी गाते ते मला कळलं. बुरुललाही कळलं आहे. ती म्हणाली, तुम्ही ऐकू नका, बाबा. काढून ठेवा. पण तिचा आवाज असा होता की—मी काढून ठेवले तर तिथे काय होईल, हेही तिला विचारायचं होतं.

मी विचारलं, तोर्गोय कशी आहे? मी पहिल्यांदाच तिला त्या नावाने विचारलं. बुरुल म्हणाली, अंगावर काही राहिलं नाही, बाबा. हाताला लागते ती नुसती हाडं.

३ डिसेंबर, मंगळवार

सोनुन आपाला सगळं सांगितलं. या वेळी तिने चेष्टा केली नाही. हातातलं फडकं धुऊन, पिळून, वाळत घातलं आणि मगच बोलली. विलाप मयताशिवाय सुरू झाला आहे. तो फिरत राहणार, मयत मिळेपर्यंत. तोवर त्याला तोंड लागतं, आणि त्याने तुमच्या पोरीचं तोंड धरलंय. मिळाला की शेवटची ओळ होते, आणि मग बाई उठते, तोंड धुते, घरी जाते. दुसरं काय सांगू, दादा? मला दुसरं माहीत असतं तर सांगितलं असतं.

मी म्हटलं, आणि मयत म्हणून कुणी उभं राहिलं नाही तर?

ती म्हणाली, पोर किती वर्षांची आहे?

सहा.

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने मुरंब्याची बरणीच माझ्या खोलीत आणून ठेवली.

४ डिसेंबर, बुधवार

हेडफोन काढले. दिवसभर लावले नाहीत. भीती वाटते. खरं लिहितो, मरणाची वाटते.

दुपारी एर्मेकचा फोन—पोर श्वास घ्यायला थांबत नाही आता. ओठ निळे. गातेच आहे.

लावले. लगेच तिने श्वास घेतला, असं त्याने सांगितलं.

कालिपा, तू दुष्ट कधीच नव्हतीस. तुलाही हे थांबवता येत नसणार. मीच तुला—

तुझी आठवण काढत बसलो, आणि पोरीची—

५ डिसेंबर, गुरुवार, सकाळ

पोळ्या तळल्या. सात. आज वास आला, तेलाचा, आणि आमच्या अंगणातल्या धुराचा. पाठ म्हटला. आईचं नाव घेतलं, वडिलांचं, कालिपाचं. मग माझं.

जिवंतपणी असं करू नये. केलं.

वजू केली. नवा सदरा घातला. सोनुन आपा दारात आली, सदरा बघितला, आत आली नाही. दादा, म्हणाली, चहा ठेवते हं. आणि तिथेच पाठ करून उभी राहिली.

दुपार

फोन टेबलावर, चालू. बुरुल पलीकडे. तिला सांगितलं, संपल्यावर पोरीला तोर्गोयच म्हणायचं. कागदावरही तेच करा. ते दुसरं नाव घरात पुन्हा कुणी—

बुरुल हो म्हणाली. मग म्हणाली, बाबा. नुसतंच बाबा.

हेडफोन लावले.

टोपी. खोगीर. काळी पाटी. मीठ किती घालू कुणाला विचारू—

फाइल लहान होत चालली आहे. बघतो तेव्हा आणखी लहान. जणू कोणी आवरतं आहे.

फोनमधून खोकला. पोरीचा. तिचा स्वतःचा.

बुरुल रडते—मोठ्याने—पोर विचारते आहे, कोकराला पाणी दिलं का. तोच आवाज. एका दमात. दिलं का, कुणी दिलं, आजोबांनी सांगितलं होतं ना—

अल्ला, तुझे—

दोघी वेगळ्या झाल्या. एक फोनवर. एक कानात.

कानातली थांबत नाही. जवळ आली. हेडफोन काढून ठेवले आहेत आणि तरी—दाराशी—सोनुन आपा तिथे नाही आता—

थंड आहे. आमच्या तंबूतल्यासारखा धूर. ती भिंतीकडे तोंड करून नाही. माझ्याकडे—

तरुण आहे किती. पीठ आहे हाताला.

शेवटची ओळ. तिने श्वास घेतला, उंबऱ्यावर थांबल्यासारखा—

घे, कालिपा. एकदाच. कुणी ऐकत ना